दमणी कोणी घडवली?

मोटारीच्या मागे जोडून न्यायच्या किंवा मोटारीतच मांडलेल्या फिरत्या घराला कॅराव्हॅन म्हणतात. आत झोपायला बाक, स्वयंपाकाला ओटा, पाण्याची टाकी, सामानाचे कप्पे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा गाड्यांतून पर्यटन करण्याचे धोरणही जाहीर केले. शहरातल्या माणसाला हे नवलाचे वाटते. पण कुही, मांढळ, वेलतूर, पचखेडीकडच्या ज्या घरांनी महाशिवरात्रीला बैल जुंपले, गाडीवर तट्टा टाकला, आत तणीस अंथरून वर गोधड्या घातल्या, पीठमीठ नि तव्यासकट पोराबाळांना घेऊन आंभोऱ्याची वाट धरली, त्यांना यात नवे काय वाटावे? चालते घर आपल्याकडे होतेच. फक्त त्याला मोटार नव्हती, बैल होते.

आता प्रश्न असा, की ते घर घडवले कोणी?

जुनी दमणी किंवा रेंगी ज्यांच्या वाड्यात अजून उभी आहे, त्यांना हा प्रश्न विचारून पाहा. गाडी कोणत्या आजाने घेतली हे बहुतेकांना सांगता येते. तिला कोणती बैलजोडी जुंपत, ती कोणत्या बाजारातून आणली, त्या बैलांची नावे काय, हेही पुष्कळांना पाठ असते. पण ती गाडी ज्याने लाकडातून उभी केली त्या कारागिराचे नाव क्वचितच कोणी सांगतो. “गावचा सुतार होता कोणी तरी” एवढेच उत्तर येते. त्या ‘कोणी तरी’चा शोध कसा घ्यायचा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. हे काम विद्यापीठातल्या पंडितांचे नव्हे. ज्यांच्या गोठ्यात गाडी आहे आणि ज्यांच्या घरात म्हातारे माणूस आहे, त्यांनाच ते करता येण्यासारखे आहे.

विलायतेत असा शोध कसा घेतात

इंग्लंडमध्ये जुन्या फिरत्या घरांच्या कारागिरांचा इतिहास हुडकणारी हौशी माणसे पुष्कळ आहेत. त्यांची रीत आपल्याला उपयोगी पडेल, म्हणून आधी तिकडची थोडी हकीकत पाहू.

आरमारातून निवृत्त झालेले डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक वैद्य होते. त्यांनी १८८५ साली ब्रिस्टल शहरातल्या वॅगन बांधणाऱ्या कारखान्याकडून आपल्यासाठी एक फिरते घर बांधून घेतले. नाव ठेवले ‘वाँडरर’, म्हणजे भटक्या. तिला दोन घोडे जुंपत. त्याच वर्षी ते इंग्लंडच्या दक्षिण भागातून निघून थेट स्कॉटलंडच्या उत्तरेकडील इन्व्हर्नेसपर्यंत गेले आणि पुढच्या वर्षी प्रवासाचे पुस्तक छापले. मौजेसाठी खास बांधून घेतलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून तिचेच नाव घेतात. पुढे १९०७ साली तिकडे कॅराव्हॅनवाल्यांची संस्था निघाली.

त्याआधीही तिथे चालती घरे होतीच. ती रोमा लोकांची आणि जत्रेत खेळ करणाऱ्यांची. रोमा म्हणजे ज्यांना इंग्रज जिप्सी म्हणत. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून पश्चिमेकडे गेले, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. त्यांच्या बोलीत पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाक’, कानाला ‘कान’ आणि दोनला ‘दुई’ म्हणतात, हे ऐकले की वेगळा पुरावा मागावासा वाटत नाही. इंग्लंडमधले रोमा आधी तंबूत राहत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ते घोड्यांच्या घरगाडीत राहू लागले. या गाड्या ते नावाजलेल्या कारागिरांकडून बांधून घेत. रेडिंग गावचे डंटन आणि लीड्सकडचे राइट ही त्यातली गाजलेली नावे. मोटारी आल्यावर बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने १९१९ पासून मोटारीमागे जोडायच्या कॅराव्हॅन विक्रीसाठी बांधल्या आणि १९२७ साली त्यासाठी खास कारखाना काढला.

मोठ्या कारखान्यांचा इतिहास सोपा असतो. त्यांच्या जाहिराती छापलेल्या असतात, मालाची सूचीपत्रे असतात, गाडीवर नावाची पितळी पट्टी ठोकलेली असते. अडचण येते ती लहान कारागिरांची. कोणी आपल्या आवारात चार-सहा गाड्या बांधल्या, धंदा बसला, दुकान बंद झाले, कागद गेले. अशा वेळी शोध घेणारा गाडीलाच विचारतो. दार कसे लावले आहे, खिडकीची चौकट कशी जुळवली आहे, छताचा बाक किती, खिळे कोणते, रंगाखाली कोणता रंग आहे, हे तो टिपून घेतो. मग त्याच भागातली दुसरी गाडी पाहतो. दोन्हींत एकच हात दिसला की अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम जुन्या मालकांच्या घरी होते. तिथे एखादा पिवळा पडलेला फोटो निघतो, एखादी पावती निघते, एखाद्या आजीला नाव आठवते.

ही रीत आपल्या गाडीला जशीच्या तशी लागू पडते. आपल्याकडे सूचीपत्रे नव्हती, पितळी पट्टी नव्हती. पण गाडी आहे आणि आजी आहे.

आपल्याकडच्या गाड्या

आपल्या भागात गाडी म्हटली की एकच नसते. ओझ्याला बंडी. धानाच्या पट्ट्यात तिलाच खासर म्हणतात. पाव्हण्याकडे, बाजाराला जायला हलकी रेंगी. शंकरपटात पळवायला छकडा. आणि घरच्या लेकी-सुनांना, म्हाताऱ्यांना घेऊन लांबच्या लग्नाला किंवा यात्रेला जायला छताची दमणी. पाच कोसांवर नावे बदलतात; एका गावची रेंगी दुसऱ्या गावी छकडी होते. म्हणून शोध घेताना आपल्या घरात जे नाव चालत होते तेच लिहून ठेवावे, पुस्तकातले घालू नये.

दमणी सगळ्यांकडे नसे. ती मालगुजाराकडे, मोठ्या पाटलाकडे असायची. बाकीचे लोक साध्या बंडीवर बांबूच्या कमानी बांधून वर तट्टा किंवा ताडपत्री टाकत. चार दिवसांपुरते घर तयार. यात्रा संपली की कमानी काढल्या आणि त्याच बंडीतून शेणखत वावरात.

त्याही आधी या मुलखात मालाची वाहतूक बंजाऱ्यांच्या तांड्यांनी होई. त्यांचे बैल गाडीला जुंपलेले नसत. पाठीवर गोण्या लादलेल्या शेकडो बैलांची रांग चाले. धान्य पुढे न्यायचे, मीठ मागे आणायचे. लवण वाहणारा तो लमाण, अशी त्या नावाची फोड सांगतात. कारवान या फारसी शब्दाचा मूळ अर्थ असाच तांडा. इंग्रजांचा कॅराव्हॅन शब्द त्यावरूनच आला. १८६७ साली मुंबईकडून आगगाडी नागपुरास पोचली आणि तांड्यांचा धंदा बसत गेला. १९०८ साली नागपूर-नागभीड ही छोटी गाडी सुरू झाली, तेव्हा तिचे एक ठाणे कुहीलाही झाले. आगगाडीमुळे तांडे गेले, पण बैलगाडीचे काम वाढले. शेतातला माल ठाण्यापर्यंत आणायचा कोणी? बंडीनेच. ती छोटी गाडी २०१९ साली मोठ्या रुळासाठी बंद करण्यात आली.

एका गाडीला पाच हात

गाडी एकट्या सुताराची नसते, हे शोध घेणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावे.

सुतार, ज्याला आपल्याकडे वाढई किंवा खातीही म्हणतात, तो लाकूड निवडी. चाकाला बाभूळ, आखाला आणि जुवाला धावडा, दांड्यांना तिवस, वरच्या कामाला सागवान. लाकूड तोडून लगेच वापरत नसत. ते मुरू देत. ओल्या लाकडाचे चाक उन्हाळ्यात खिळखिळे होते. वाकसाने तासून तुंबा करायचा, सामत्याने आणि पटाशीने त्याला भोके पाडायची, त्यात आरे ठोकायचे, आऱ्यांवर पुठ्ठे बसवायचे. बारा आरे आणि सहा पुठ्ठे, म्हणजे एका पुठ्ठ्याला दोन आरे, हा सर्वत्र दिसणारा हिशेब आहे. या कामात खिळा नाही, गोंद नाही. सगळी मदार सांध्यावर.

मग लोहार. तो चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान लोखंडी धाव करतो. गोवऱ्या रचून धाव त्यात लालबुंद तापवायची. पंधरा फूट घेराची धाव अशी तापली की एक ते दीड इंच वाढते. तेवढ्यात चार माणसांनी सांडशीने धरून ती चाकावर बसवायची आणि वरून घागरीने पाणी ओतायचे. धाव निवते, आखडते आणि सगळे आरे, सगळे पुठ्ठे तुंब्याकडे दाबून धरते. धाव फार लहान झाली तर चाक वाकडे होते, मोठी झाली तर पहिल्याच पांदणीत निसटते. हा अंदाज लोहाराच्या डोळ्यात असे. चाक चांगले वाजले तर श्रेय सुताराचे की लोहाराचे, यावर गावोगाव वाद होत.

तिसरा बुरड. कमानी आणि तट्टा त्याचा. चौथा चांभार. जोते, नाडे, चामड्याचे पट्टे त्याचे. पाचवा हात घरच्या बायकांचा. गाडीतली गादी, गोधडी, बैलांच्या झुली, पडदा हे त्यांनी शिवले. इतिहास लिहिणारे या पाचव्या हाताला हमखास विसरतात. आपण विसरू नये. लाकूड सडते, पण पेटीत घडी घालून ठेवलेली झूल पुष्कळदा सुस्थितीत सापडते.

नाव का राहिले नाही

विलायतेतला कारागीर गाडी विकत असे. गिऱ्हाईक परगावचे, अनोळखी. म्हणून गाडीवर आपले नाव घालणे त्याच्या फायद्याचे होते. आपला सुतार गाडी अनोळखी माणसाला विकत नव्हता. तो गावचा बलुतेदार. वर्षभर नांगर, वखर, तिफण, बंडी दुरुस्त करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन ठरलेले धान्य घ्यायचे. नवी गाडी घडवली तर त्याचे वेगळे काही मिळे. पण सारा गाव त्याला ओळखत होता, मग नाव कोरायचे कोणासाठी? गाव होते तोवर नावाची गरज नव्हती. गाव पांगले आणि नाव हरवले.

लाकडाचीही एक गोष्ट आहे. मालगुजारीच्या काळात गावाच्या जंगलातून नांगराला, बंडीला लागणारे लाकूड घेण्याची रयतेला रीत होती. तिला निस्तार म्हणत. १९५१ साली मालगुजारी गेली आणि जंगल सरकारजमा झाले. निस्ताराचे हक्क निस्तार पत्रकात लिहिले गेले, पण जुने मुरलेले तिवस नि धावडा पूर्वीसारखा हाताशी राहिला नाही. मग रबरी टायरची गाडी आली. तिला लोखंडी आख आणि बनवलेली चाके विकत मिळत. पुढे लोखंडी साट्याच्या गाड्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून मिळू लागल्या. त्या ओढायला हलक्या आणि बैलाला सोप्या, हे खरे. त्यात वाईट काही नाही. पण चाक घडवणाऱ्या सुताराकडे मग खाट, दार, चौकट एवढेच काम उरले. त्याची मुले नागपूरला फर्निचरच्या कामाला गेली.

बदलाच्या त्या काळातली एक गमतीची गोष्ट वर्ध्याची आहे. तिथे जमनालाल बजाज यांच्याकडे जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपलेली गाडी होती. फोर्डला बैल, म्हणून तिला थट्टेने ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. विलायतेत घोड्याच्या घरगाडीची मोटारगाडी झाली. वर्ध्यात मोटारीची बैलगाडी झाली.

गाडीलाच विचारा

आता प्रत्यक्ष कामाला लागू. गोठ्यातली गाडी बाहेर उजेडात काढा. धुवू नका, रंग देऊ नका. आधी मापे घ्या.

चाकाची उंची किती? आरे किती? तुंबा आखूड आणि जाड आहे की लांब आणि कोरलेला? आऱ्याला नक्षीचा घाट दिला आहे की सरळ तासला आहे? दोन चाकांमधले अंतर किती? हे शेवटचे माप महत्त्वाचे आहे. पांदणीत चाकांनी पडलेल्या दोन रेषांना आपण चाकोरी म्हणतो. नव्या गाडीचे चाक त्या चाकोरीत बसले नाही तर बैलांचे हाल. म्हणून एका भागातले सुतार चाकांमधले अंतर सारखेच ठेवत. शेजारच्या चार गावांतल्या जुन्या गाड्यांची ही मापे घेतली, तर कोणती गाडी या भागातली आणि कोणती बाहेरून आलेली, ते समजायला मदत होईल.

नंतर सजावट पाहा. जुवावर, दांड्यांच्या टोकावर, साट्याच्या फळ्यांवर काही कोरले आहे का? कमळ, मोर, चक्र, पितळी फुले? प्रत्येक कारागिराच्या हाताला एक वळण असते. तेच वळण गावातल्या जुन्या दाराच्या चौकटीवर, देवळाच्या खांबावर किंवा देवघरावर दिसते का, ते पाहा. गाडी घडवणाऱ्याने तीही घडवली असण्याचा संभव आहे. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी विसरू नका. नागपूरकडच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या जपलेले नंदी निघतात. त्यांची चाके आणि मोठ्या गाडीची चाके एकाच हाताची असली, तर तो मोठा पुरावा समजावा.

गाडीच्या पोटाखाली, साट्याच्या आतल्या बाजूला, आखाच्या जवळ एखादी खूण, आकडा किंवा अक्षर असेल तर त्याचा फोटो घ्या. मोबाईल आता घरोघरी आहे. फोटो काढताना शेजारी फूटपट्टी ठेवा, म्हणजे माप कळते.

कागद कुठे मिळतील

आपल्या भागाचे जुने कागद बरेच आहेत. कोणी मागत नाही एवढेच.

पहिला कागद कोतवाल बुक. त्यात गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत आणि त्यांत जातही लिहिलेली असते. सुतार, बढई, लोहार अशी नोंद सापडली की त्या काळी गावात ही घरे होती एवढे पक्के होते, आणि नावही हाती येते. तहसील कार्यालयात अर्ज केला की नक्कल मिळते. दुसरा कागद शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. तिसरा कागद गावाचा वाजिब-उल-अर्ज. इंग्रजी अमदानीत जमिनीचा बंदोबस्त झाला तेव्हा गावाच्या चालीरीती, हक्क आणि गावकामगारांचे देणे त्यात नोंदले गेले. चौथा कागद निस्तार पत्रक. गाडीसाठी लाकूड घेण्याचा हक्क कोणाला, कुठून आणि कसा, ते त्यात पाहावे.

छापील पुस्तकांत नागपूर जिल्ह्याचे १९०८ सालचे गॅझेटियर आणि १९६६ सालचे नवे गॅझेटियर पाहावे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर चार खंड १९१६ साली छापले. त्यात सुतार, लोहार, बंजारा यांच्यावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. अर्थात त्यात तुमच्या गावच्या सुताराचे नाव मिळणार नाही, चालीरीती मिळतील. गावात बैलगाड्या किती होत्या याची मोजदाद जुन्या पशुगणनेत होत असे, तीही शोधावी.

पाचवा कागद तुमच्याच घरात आहे. जुन्या वहीत लग्नाचा खर्च लिहिलेला असतो. “सुतारास इतके, लोहारास इतके” अशी एखादी ओळ निघते. मालगुजारांच्या घरी हिशेबाच्या वह्या असत. त्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा चाळाव्या.

या कागदांचा उपयोग केवळ हौसेपुरता नाही. सुतार किंवा लोहाराच्या मुलाला इतर मागास वर्गाचा दाखला पडताळून घ्यायचा असतो, तेव्हा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचे नाव आणि जात दाखवणारी कोतवाल बुकातली एक ओळ तेव्हा पोराच्या शिक्षणाला लागू पडते. ज्या घराने तुमची गाडी घडवली, त्या घराची नोंद शोधताना सापडली तर ती त्यांना अवश्य द्या.

कुही तालुक्याने घाई का करावी

कुही तालुका इतिहासाला नवा नाही. तालुक्यातल्या आदम येथे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने १९८८ ते १९९२ या काळात उत्खनन केले आणि प्राचीन नगराचे अवशेष उजेडात आणले. मांढळला वाकाटक राजांचे ताम्रपट मिळाले आणि नागपूर विद्यापीठाने १९७५ नंतर तिथे उत्खनन केले. राजांनी आपले नाव तांब्यावर कोरून ठेवले म्हणून दीड हजार वर्षांनी ते वाचता आले. सुताराने कोरले नाही.

अशा वस्तू नेहमी पंडितालाच सापडतात असेही नाही. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात दायमाबाद गाव आहे. तिथे १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाचे खोड खणताना काशाच्या वस्तू लागल्या. त्यात दोन बैल जुंपलेली गाडी आहे आणि तीत एक माणूस उभा आहे. साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीची ती मानतात. आज देशभरच्या पुस्तकांत तिचे चित्र असते. भंगारात गेली असती तर आपल्याला ती ठाऊकही झाली नसती.

आपल्याकडे घाईचे आणखी एक कारण आहे. वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण झाले. १९८८ साली त्याची पायाभरणी झाली आणि पुढे पाणी चढत गेले तशी कुही तालुक्यातली नदीकाठची गावे उठली. लोक पुनर्वसनाच्या वस्त्यांत गेले. घर हलवताना माणूस भांडी नेतो, धान्य नेतो, देव नेतो. मोडकी दमणी कोण नेणार? कोणाची चुलीत गेली, कोणाची भंगारात. सुताराचे घर एका वस्तीत, पाटलाचे दुसरीत. चार पिढ्या शेजारी राहिलेली माणसे वेगळी झाली आणि एकमेकांच्या आठवणीला दुजोरा देणारे कोणी उरले नाही. या गावांच्या गाड्यांचा शोध आधी घ्यायला हवा. धाव चढवताना स्वतः घागर ओतलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

दुसरीकडे या जुन्या गाड्यांना आता गिऱ्हाईक आले आहे. शहराजवळची हॉटेले आणि लग्नाची लॉन शोभेसाठी जुनी चाके, जुन्या दमण्या विकत घेतात. विकायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. घरात अडचण असते, पैशाचीही गरज असते. पण विकण्यापूर्वी मापे, फोटो आणि गाडीची हकीकत लिहून ठेवा. दारातून गाडी गेली की तिचे गावही तिच्यापासून तुटते.

म्हाताऱ्यांना काय विचारावे

“तुमच्या वेळचा इतिहास सांगा” असे विचारले तर म्हातारा गप्प बसतो किंवा एकदम भोसल्यांपासून सुरू करतो. बारीक, धरता येण्यासारखे प्रश्न विचारावेत.

गाडी कोणत्या लग्नाच्या आधी आली? लाकूड कोणत्या रानातून आणले? ते किती दिवस मुरवले? सुतार आपल्या घरी येऊन बसला की त्याच्याकडे नेऊन दिले? तेव्हा त्याला जेवण कोण वाढत असे? धाव कोणत्या जागी तापवली? गाडीचा पहिला प्रवास कुठला? चाक पहिल्यांदा कधी मोडले आणि कोणी दुरुस्त केले? सुताराची मुलगी कोणत्या गावी दिली?

शेवटचा प्रश्न गैरलागू वाटेल, पण तो फार कामाचा आहे. सुताराचे घर गावातून गेले असले तरी मुलीच्या सासरचा धागा धरून त्याचे नातू सापडतात. त्यांच्याकडे आजाचा वाकस किंवा गज असू शकतो.

आजीला वेगळे विचारा. पुरुष माणसे बैलांचे सांगतात, आजी आतले सांगते. दमणीत किती जणी बसत, पडदा कोणत्या कापडाचा होता, रात्री मुक्काम कुठे पडे, चूल कशी मांडत, पोर रडले तर काय करत. गाडी म्हणजे घर होती, हे आजीच्या सांगण्यातूनच कळते.

दोन म्हाताऱ्यांचे बोलणे जुळले नाही तर दोन्ही लिहा आणि कोणी काय सांगितले ते नमूद करा. आपल्या मनाने एक खोडून टाकू नका. कोणी सांगितले, कोणत्या तारखेला सांगितले, त्यांचे वय किती, हे वर लिहिलेच पाहिजे. जे पाहिले ते वेगळे, ऐकले ते वेगळे आणि अंदाज केला तो वेगळा. एवढी शिस्त पाळली की तुमची वही हा पुढच्यांसाठी भरवशाचा पुरावा होतो.

पोळ्यापर्यंत एवढे करा

शाळेतल्या गुरुजींनी हे काम सातवी-आठवीच्या मुलांना दिले तर एका गावाचे काम महिन्यात होईल. प्रत्येक मुलाने एक गाडी, एक चाक किंवा एक नंदी घ्यायचा. मापे, फोटो आणि म्हाताऱ्यांची दोन पाने. सगळे एका वहीत डकवून वही शाळेत ठेवायची, एक प्रत ग्रामपंचायतीत द्यायची.

आणि ज्या घरी गाडी अजून आहे त्यांनी तिला पावसातून आडोशाला घ्यावे. चाके जमिनीवर टेकवून ठेवू नयेत. खाली दगड किंवा फळी द्यावी, म्हणजे वाळवी लागत नाही. वर्षातून एकदा जवसाचे तेल चोळावे.

कारागिराचे नाव सापडले, तर गाडीच्या फळीवर आतल्या बाजूला लिहून ठेवावे. गाव अमुक, घडवणारा सुतार अमुक, धाव चढवणारा लोहार अमुक, साल अंदाजे अमुक. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवतोच आपण, त्याच रंगाने चार ओळी लिहिता येतील. आणि त्या सुताराचे नातू जवळपास राहत असतील, तर त्या दिवशी त्यांना घरी बोलवावे. आजाने घडवलेले चाक त्यांनी एकदा हाताने फिरवून पाहावे. बहुतेकांनी ते पाहिलेले नसेल.